चाळणीवाले काकाजी

कोणी काकाजीसमोर उभं राहून काई सांगायले लागलं, की त्यायचा उजवा हात हवेत उठे. हातात लाल पेन्सिल. आपण बोलून रायलो अन् ते हवेतच रेघा ओढून रायले, आडव्या, एक, दोन, तीन, पाटीवरचं चुकलेलं गणित खोडावं तशा. आपलं बोलणं संपलं की पेन्सिल कानावर ठेवत, मान वाकडी करत अन् विचारत, "उरलं काय?"

मले पहिल्यांदा असं विचारलं तवा मी रडलीच. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत आमचं बिऱ्हाड नवीन होतं, महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट आहे, कवेलूच्या छपराच्या चार खोल्या एका ओळीत, अन् आमची तिसरी. आमचे हे रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकत, एकदा गेले की दोन दिवस, तीन दिवस भुसावळकडेच. मी धामणगावकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली, मले गाडीच्या शिट्टीचंही भेव वाटे. त्या दिवशी चौथ्या खोलीतले हे म्हातारे गृहस्थ ओट्यावर दिसले अन् मी एका दमात सारं सांगून टाकलं, काकाजी, हे अजून आले नाईत, आज शिट्टी लय लांब वाजली, छपरावर कायतरी चालते, दूध उतू गेलं, लेकरू सकाळपासून रडून रायलं, मले लय भेव वाटून रायलं.

पेन्सिल चालू झाली.

"फायरमनची पाळी लांबते. रोजचं. शिट्टी लांब वाजली, सिग्नल पडला नसन. रोजचं. छपरावर मांजर. दूध उतू जाते. लेकरू रडते. रोजचं, रोजचं, रोजचं. उरलं काय?"

मी पदरानं डोळे पुसत म्हटलं, "भेव."

"भेव रोजचं आहे का?"

"हो."

"मग तेही सोडा," म्हणले अन् आत निघून गेले. मी ओट्यावर उभीच. असं कोणी बोलते का वो? पण खरं सांगते, त्या दिवशी दुपारी मले पहिल्यांदा डुलकी लागली.

मले भेव काहून होतं ते सांगून देते, नाई तं तुमी म्हणसान ही बाई उगीच भेते. माझी पहिली पोरगी सव्वा महिन्याची होऊन गेली. झोपेतच गेली. सकाळी मी तिले उठवायले गेली तं ती नव्हतीच. म्हणून बबन झाला तवापासून मी दर घडीले त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहे, श्वास लागते का. तो रडला की मले भेव वाटे, अन् निजला की त्याहून जास्त वाटे.

काकाजी स्टेशनावर डाकेच्या कामाले होते. चिठ्ठ्यांच्या थैल्या एका गाडीतून उतरत, दुसरीत चढत, अन् एक एक थैली मोठ्या वहीत चढवा लागे, कोणत्या गाडीनं आली, कुठली, शिक्का कसा, शेरा काय. ती पानंच्या पानं दुसऱ्या दिवशी वाचून त्यात काई बिघडलं असन तं शोधून काढायचं, हे काकाजीचं काम. बाकीचे लोक म्हणे वाचता वाचता झोपत. काकाजी नाई वाचत. ते चाळत.

त्यायनं पुठ्ठे कापले होते, वहीच्या पानाएवढे, त्यात कैचीनं पाडलेल्या बारीक बारीक खिडक्या. काठावर रोज येणाऱ्या थैल्यांची नावं. सोमवारचा पुठ्ठा वेगळा, मंगळवारचा वेगळा, मेलचा वेगळा, पॅसेंजरचा वेगळा. पुठ्ठा पानावर ठेवून खाली सरकवत जायचा, नाव जुळलं, शिक्का जुळला की लाल रेघ. जुळलं की रेघ. पान संपलं की जे बिनरेघेचं उरलं तेवढंच वाचायचं.

मले हे समजत नव्हतं, तं एक दिवस माझी पिठाची चाळणी मागून घेतली. ओट्यावर बसले, पीठ चाळलं, अन् चाळणी माझ्यासमोर धरली.

"सूनबाई, खाली काय पडलं?"

"पीठ."

"वर काय राहिलं?"

"कोंडा."

"कोंडा नव्हे," काकाजी म्हणले, "खबर. पीठ रोजचं असते. वर राहते ती खबर."

मी म्हटलं, "काकाजी, आमी तं ती खबर म्हशीले टाकतो." ते हसले नाईत. त्यायनं पेन्सिल उचलली अन् माझं बोलणं हवेत खोडून टाकलं.

त्यायच्या चाळणीनं एक डाव मार खाल्ला होता. शेऱ्याची खिडकी त्यायनं 'ठीक' या अक्षरापुरतीच कापली होती, कारण की रोज तेवढंच लिहिलं राहे. अन् एक दिवस कोणीतरी लिहून ठेवलं, 'ठीक नाही, उंदराने कुरतडली.' खिडकीतून दिसलं 'ठीक'. काकाजीनं रेघ मारली. ती थैली पुढं गेली, अन् जिथी उघडली तिथी आतून उंदीर निघाला, पत्राचा भुगा घेऊन. ही गोष्ट काकाजी स्वतःच सांगत, अपराध्यासारखे. "खिडकी एक बोट अरुंद झाली, सूनबाई. चाळणी नाई चुकत. भोक चुकते." त्या दिवसापासून त्यायनं साऱ्या पुठ्ठ्यांच्या खिडक्या एक एक बोट वाढवल्या.

पण नुसतं कचेरीत चाळलं असतं तं त्यायले कोणी वेडं कायले म्हटलं असतं? ते बाजारही चाळत. वांग्याच्या ढिगापाशी उकिडवे बसत अन् सारखी सारखी, चकचकीत वांगी बाजूले सारत. "हे रोजचं. हे रोजचं." अन् मंग एखादं वाकडं, नाक फुटलेलं, दोन देठाचं वांगं सापडलं की खूश होऊन पिशवीत टाकत. माळीण तं त्यायच्यासाठी वेगळी टोपलीच ठेवे. "या बुवा," म्हणे, "तुमची लंगडी लुळी राखून ठेवली हाये." त्यायच्या घरी दोन पायाचं गाजर अन् तीन पोटाचं कारलं असं काईबाई शिजे, अन् ते कौतुकानं खात.

पहिल्या खोलीत ठकूमावशी राहे. विधवा, जाडजूड, बोलायले लागली की थांबणं नाई. तिच्यासाठी काकाजीनं मनातल्या मनात एक पुठ्ठा कापून ठेवला होता. ती यायची, कमरेवर हात ठेवायची अन् सुरू व्हायची.

"गुडघा लय दुखून रायला वो काकाजी."

सर्र.

"सुनेचं पत्र नाई."

सर्र.

"दळणवाल्यानं पुन्हा जाडं दळून देलं."

सर्र.

"मोरीत साप निघाला."

सर्र.

"रात्रीपासून डोळ्याले डोळा नाई..."

"थांबा," काकाजीचा हात हवेत तसाच. मंग त्यायनं जणू पान उलटं पलटवलं, मागं गेले. "साप. साप उरला." अन् एकदम उठून काठी शोधायले धावले. ठकूमावशी मागून ओरडली, "मेल्या, पहिले साप पाह्य ना! मी काय गुडघ्यासाठी आली का?" साप निघून गेला होता तोवर. पण तिनंही त्याच्याआधी गुडघा काहून सांगतला हे तिले आजपर्यंत सांगता आलं नाई.

त्यायची अन् आमची भिंत एक. भिंत छपरापर्यंत नव्हती, वर हातभर मोकळं, तिकडचं इकडं सारं ऐकू ये. सकाळी बादली. मंग स्टोव्हचा पंप. मंग दोनदा खोकला. मंग कुलूप. त्यायची पाळी सकाळची, दुपारी एकच्या सुमारास घरी येत, अन् मालगाडीचा धूर आला की एक शिंक. अन् सांजच्याले, ताट घासून पालथं घातल्याचा आवाज झाला की ते मोठ्यानं म्हणत, "जेवलो."

घरात कोणी नाई. बायको केली नव्हती, कुत्रं नाई, मांजर नाई. कोणाले सांगत असन हा माणूस, की जेवलो? ठकूमावशी म्हणे, "ताटाले सांगते. अजून कोण हाये त्याले?" मी पयले भेली, मंग हसली, अन् मंग तेही रोजचं झालं.

असंच शिट्ट्यांचं. मी शिट्टी झाली की दचके, ह्यायच्या गाडीले काई झालं तं? भिंतीपलीकडून आवाज ये, "अमरावतीची शटल. रोजचं." थोड्या वेळानं, "कोळशाची मालगाडी. रोजचं." अन् बबन रडला की, "भूक. रोजचं." "पोट दुखते. ओवा द्या. रोजचं." मले राग ये, की बाई माणसाच्या घरातलं हा म्हातारा काहून ऐकते. पण मंग मी वाट पाहायले लागली, खरंच, की भिंतीपलीकडून कई 'रोजचं' येते. ते आलं की माझ्या छातीतलं बसे.

बबनची एक खास रड होती. दुपारची मालगाडी तीनच्या सुमारास सिग्नलपाशी येई अन् लांब शिट्टी देई, दम लागलेल्या बैलासारखी. त्या शिट्टीवर बबन बरोबर जागा होई अन् असा भोकाड पसरे की कवेलू हालावेत. आठ महिन्याचा झाला, एक दिवस चुकला नाई. शिट्टी, मंग बबन, मंग भिंतीपलीकडून, "मालगाडी अन् बबनराव. रोजचं."

आता तो दिवस.

थंडीचे दिवस होते, कापसाचे. कापसाच्या जिनिंगातून रुईचा भुरका उडे, आमच्या कवेलूतून आत ये, अन् ऊनही त्याच फटीतून आत ये, गोल गोल कवडसे, तं दुपारी खोलीत असं वाटे की आपण पाण्याखाली बसलो आहो अन् वरून कापूस बुडून रायला. बबनचे दात येऊन रायले होते. चार दिवस त्यानं मले निजू देलं नव्हतं. हे भुसावळकडे. मी इतकी थकली होती की चुलीतला विस्तव अन् देवापुढचा दिवा मले एकच दिसे.

ठकूमावशीपाशी एक पितळी डबी होती. त्यात बाळगोळी, अफूची. आमच्याकडे जुन्या बाया लेकराले देत, बाई वावरात गेली की लेकरू निजून राहावं म्हणून. माझ्या मायनंही मले देली असन. ठकूमावशी म्हणली, "एवढीशी दुधात उगाळ अन् दे. तूही निजशीन, तोही निजन." मी चार दिवस नाई म्हटलं. पाचव्या दिवशी, ती बाजारात गेली असताना, तिच्या डबीतून एक उचलली. जेवणं झाल्यावर एवढीशी, नखावर राहीन एवढी, उगाळली अन् बबनले चाटवली.

बबन निजला. मी नाकाखाली बोट धरलं. श्वास लागला. कोमट. मी त्याच्याबाजूले आडवी झाली.

काय सांगू तुमाले, कशी झोप होती ती. कवडसे भिंतीवरून सरकून रायले, कापूस उतरून रायला, अन् मले दिसे की माझी गेलेली पोरगी त्या कवडशात बसली हाये, मोठी झाली, दोन वेण्या घातल्या, अन् कापूस वेचून रायली ओटीत. मी म्हटलं, तू इथीच होती का वो. ती म्हणली, हो, मी कुठी गेली? दुरून मालगाडी आली. लांब शिट्टी झाली. मले ऐकू आली, पण पाण्यातून आल्यासारखी. अन् मंग सारं शांत. किती गोड शांत. मले वाटलं, असंच राहावं आता, कोणी उठवू नये.

दार धडधडायले लागलं.

मी उठली तं काकाजी दारात. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. धोतराचा सोगा हातात. पेन्सिल नव्हती.

"पोरगं रडलं नाई."

"निजला हाये, काकाजी. निजू द्या ना. चार दिवसानं निजला."

"मालगाडी गेली. शिट्टी झाली. पोरगं रडलं नाई."

"एक दिवस नाई रडलं तं..."

"सूनबाई, सरका!" असा आवाज मी त्यायचा कई ऐकला नव्हता. ज्या माणसानं आमच्या उंबऱ्यावर कई पाय नाई ठेवला, तो मले सारून आत आला, बबनपाशी बसला अन् त्याच्या तळपायाले जोरात चिमटा घेतला. लेकरू हाललं नाई. दुसरा चिमटा. नाई. काकाजीनं पापणी वर केली. डोळ्याची काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ओठ निळसर. मी बोट धरलं नाकाखाली. श्वास होता, पण एक आला की दुसऱ्याची वाट पाहा लागे.

काकाजीनं विचारलं, "काय देलं?"

मी बोटानं पहिल्या खोलीकडं दाखवलं. ठकूमावशी दारात आलीच होती. तिनं बबनच्या उशापासची, गोळी उगाळलेली वाटी पाहिली.

"तू देली? वो पोरी, तू नाई म्हणत होती ना? तू धुणं धुवायले गेल्ती तवा तो रडून रायला होता, तं मीच सकाळून त्याले... मी म्हटलं, ही भेते, हिले कायले सांगू..."

दोघींनी देली होती. तिनं मले नाई सांगतलं, मी तिले नाई सांगतलं.

काकाजी बबनले उचलून निघालेही होते. मी अनवाणी मागं. टांगा दिसला, त्यात चढलो, पदर कुठी अन् मी कुठी. डॉक्टरसाहेब जेवून पडले होते, काकाजीनं त्यायचंही दार तसंच वाजवलं. डॉक्टरसाहेबायनं डोळे पाहिले, मले विचारलं, मी सांगतलं, ते काई बोलले नाईत, बोलले असते तं बरं झालं असतं. पोट धुतलं. सुई देली. मंग म्हणले, "आता याले झोपू देऊ नका. झोपला तं श्वास विसरन. बोला याच्याशी, हालवा, चिमटे घ्या, काही करा."

मी बबनशी काय बोलू? माझ्या तोंडातून नुसतं 'बबन, बबन' निघे अन् रडू ये. तवा काकाजीनं त्याले मांडीवर उभं धरलं अन् त्याच्या कानापाशी मोठ्यानं, थैल्या मोजल्यासारखं सुरू केलं.

"बडनेरा. टाकळी. कुरूम. माना. मूर्तिजापूर. काटेपूर्णा. बोरगाव. अकोला."

अन् तळपायाले चिमटा. पुन्हा पहिल्यापासून. बडनेरा. टाकळी. कुरूम. माना. दवाखान्याच्या खिडकीतून ऊन उतरत गेलं, काकाजीचा आवाज बसत गेला, पण गाडी थांबेना. किती खेपा झाल्या मी नाई मोजल्या. मी डोळे मिटून ती स्टेशनं ऐकून रायली होती, मले वाटे की आमी तिघंही एका गाडीत बसलो आहो अन् अकोल्यापर्यंत जातो अन् कोणीतरी गाडी पुन्हा मागं आणते. अकोल्याच्या पुढं काकाजी एकदाही नाई गेले. तेवढ्या भेवातही मले हे ध्यानात आलं.

दिवे लागायच्या वक्ताले, काटेपूर्णेपाशी, बबननं तोंड वाकडं केलं. बोरगावले खालचा ओठ बाहेर काढला. अन् अकोला येता येता असा भोकाड पसरला की बाहेर टांग्याचं घोडं बुजलं.

डॉक्टरसाहेब हसले. मी जमिनीवर बसली. अन् काकाजी, त्यायनं सवयीनं हात वर केला, रेघ मारायले, बोटात पेन्सिल नव्हती, अन् तो हात तसाच हवेत ठेवून ते म्हणले, "रोजचं." अन् त्यायच्या गालावरून पाणी वाहायले लागलं. पुसलंही नाई.

दोन दिवसानं हे आले. मी सारं सांगतलं, काई लपवलं नाई. हे खूप वेळ बबनले घेऊन बसले, मंग उठून काकाजीच्या पाया पडून आले. ठकूमावशीनं ती पितळी डबी स्वतःच्या हातानं वस्तीमागच्या कोरड्या आडात टाकली, अन् आठ दिवस तिनं गुडघ्याचं नाव नाई काढलं.

मी एक दिवस दुपारी काकाजीले भाकर अन् वाकड्या वांग्याची भाजी घेऊन गेली. बबन कडेवर. विचारलं, "काकाजी, तुमी अकोल्यापाशीच काहून थांबत होते? पुढं तं अजून लय स्टेशनं हायेत."

त्यायनं फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. आत कार्डं, पोस्टाची, गठ्ठाच्या गठ्ठा. दोन-चार माझ्या हातात देले. मले वाचता येते, हळू हळू. पहिलं वाचलं. 'चिरंजीव दिगांबरास आशीर्वाद. इकडील सर्व ठीक. जेवत जा.' दुसरं वाचलं. 'इकडील सर्व ठीक. जेवत जा.' तिसरंही तेच.

"माय होती. अकोल्याले राहे, आपल्या घरात. इकडं ये म्हटलं तं नाई आली. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घे. दर सोमवारी एक कार्ड. मी तवा नवे पुठ्ठे कापून रायलो होतो, डोक्यात तेच. कार्ड आलं की वरून पाहो. ठीक. रोजचं. डब्यात."

त्यायनं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"एका सोमवारी नाई आलं. मले समजलंच नाई. दुसऱ्याही सोमवारी नाई. तिसऱ्याही. सूनबाई, आलेल्यातलं वेगळं चाळणीत वर राहते. आलंच नाई ते कसं वर राहीन? वहीत ओळच नाई तं रेघ कशावर मारशीन? मास्तर स्वतः आले सांगायले, तवा गेलो. चार दिवस होती. ओळखलं नाई. मी बाजूले बसून रायलो. म्हटलं, एकदा म्हण, जेवत जा म्हण. नाई म्हणली."

बबननं डब्यावर थाप मारली. काकाजीनं त्याची मूठ धरली.

"तवापासून मी आलेलं चाळतो कचेरीत. घरी न आलेलं ऐकतो."

मी भाकर ठेवली अन् आली.

त्याच्या पुढच्या हप्त्यात काकाजी आमच्या दारात आले. उंबऱ्याबाहेरच उभे, पहिल्यासारखे. हातात एक नवा पुठ्ठा, छोटा. मले समजावं म्हणून मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिला होता. त्यायनं तो माझ्याकडं न पाहताच पुढं केला.

"काम नाई काही. चुलीपाशी ठेवून द्या. कधी वेळ असला तं..."

मी वाचला. 'सकाळी बादली. स्टोव्ह. खोकला, दोन वेळा. कुलूप. दुपारी कुलूप. मालगाडीवर शिंक. सायंकाळी ताट.'

मी पयले हसणारच होती, की हा माणूस आता स्वतःलेच चाळून रायला. अन् मंग माझं हसणं तोंडातच राहिलं. मी त्यायच्याकडं पाहिलं. कानावर पेन्सिल, दाढीचे खुंट पांढरे, अन् चेहरा असा की जसा माझा राहे, शिट्टी झाली की. मले माझं भेव ओळखू येते वो, कोणाच्याही तोंडावर असू द्या.

"काकाजी," मी म्हटलं, "पुठ्ठा कायले? मले सारं पाठ हाये."

"तरी असू द्या. एखाद्या दिवशी बादली नाई वाजली तं..."

"मी दार तोडून येईन. तुमी आले होते तसं." मंग मी पुठ्ठा पुन्हा पाहिला. "पण काकाजी, यात एक राहिलं."

त्यायनं मान वाकडी केली. "उरलं काय?"

"'जेवलो' नाई लिहिलं तुमी."

काकाजी माझ्याकडं पाहतच राहिले. त्यायले वाटत असन, ते कोणाले ऐकू नाई येत. त्यायनं कानावरची पेन्सिल काढली, जसं लिहूनच टाकते पुठ्ठ्यावर, मंग तशीच पुन्हा ठेवली, अन् वळून आपल्या खोलीत गेले. चप्पल दारात उलटी पडली, ती सरळ करायलेही मागं नाई आले.

सांजच्याले मी बबनले मांडीवर घेऊन बसली होती. अमरावतीची शटल गेली. भिंतीपलीकडं ताट घासल्याचा आवाज झाला. ताट पालथं पडलं. मंग काईच नाई. मी बबनले थोपटणं थांबवलं, कान भिंतीवर. लय वेळ. एवढ्या वेळात मी पायानं चप्पलही जवळ ओढून घेतली.

"जेवलो," तिकडून आलं. हळूच. विचारल्यासारखं.

मी छपराकडच्या मोकळ्या जागेकडं तोंड केलं अन् म्हटलं, "बरं, काकाजी. उद्याही जेवा."